मधला पास्काल

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांच्या पास्काल घराण्यातली ही भावंडं २०१६ साली एकापाठोपाठ एक जन्माला आली. मे महिन्यात थोरला जीटीएक्स १०८०, जूनमध्ये १०७०, जुलैत आमचा १०६० आणि ऑक्टोबरात धाकटा १०५० टीआय. थोरल्याचा रुबाब मोठा आणि किंमत त्याहून मोठी. धाकट्याकडून कुणी फार मागितलं नाही, त्यामुळे तो सुखात राहिला. कामाला जुंपला गेला तो मधला. सायबर कॅफे, होस्टेलवरच्या पोरांचे असेंबल केलेले पीसी, लग्नाचे व्हिडिओ कापणारी दुकानं, जिथे जावं तिथे हाच. स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत तो वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर बसून होता. २०२२ च्या अखेरीस पुढच्या पिढीच्या जीटीएक्स १६५० नं त्याला खाली उतरवलं, तेही वयामुळे. कर्तृत्व कमी पडलं असं कुणी म्हणणार नाही. याच नावाचा ३ जीबीवाला एक सावत्र भाऊही होता. नाव तेच, पण कोअर १२८० ऐवजी ११५२. दुकानदार दोघांची ओळख एकच करून देत. हे चित्र त्याचं नव्हे, ६ जीबीवाल्या सख्ख्याचं आहे.

अंगानं तो वीतभराहून थोडा लांब. आमच्याकडचा दोन पंख्यांचा आहे. पाठीवर काळी पट्टी, पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाटी आणि त्यांतून आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्या. रंगीबेरंगी दिवे नाहीत, नखरा नाही. नळ्यांच्या खाली अंगठ्याच्या नखाएवढी चिप, २०० चौरस मिलिमीटरची, आणि तेवढ्या जागेत ४४० कोटी ट्रान्झिस्टर. साधं टायपिंग चालू असलं की पंखे बंद. गेम लावून पाचेक मिनिटं झाली, तापमान साठ डिग्रीच्या आसपास आलं, की एक पंखा किंचित हलतो, थबकतो, जणू खरंच उठायचं का असं विचारतो. मग दोन्ही एकदम फिरू लागतात. काचेच्या झाकणातून हे बघण्यात माझी बरीच संध्याकाळ जाते, हे घरी फारसं कुणाला आवडत नाही.

त्याची भूक १२० वॅटची. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५. म्हणजे पान वाढलंय १५० चं आणि जेवणारा १२० ला उठतो. मधल्या या तीस वॅटमध्येच ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा चाल वाढवण्याचा, सगळा कारभार चालतो. काही कंपन्यांनी आठ पिनांचं सॉकेट देऊन ही जागा आणखी ऐसपैस केली. पण मूळ स्वभाव तोच, कमी खाणारा.

स्वभावाबद्दल बोलायचं तर माणसाला प्रथम फसवतो तो खोक्यावरचा आकडा. तिथे बेस १५०६ आणि बूस्ट १७०८ मेगाहर्ट्झ असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात गेम सुरू झाला की हा पठ्ठ्या कुणी काही न सांगता १८५०–१९०० च्या घरात जाऊन बसतो. एनव्हिडियानं या पिढीला जीपीयू बूस्ट ३.० नावाची सवय लावून दिली आहे. अंगात ताप किती, वीज किती घेतली, व्होल्टेज किती आहे हे तो सतत तपासत असतो आणि जमेल तेवढी चाल स्वतःच वाढवतो. ताप चाळिशीच्या आसपास गेला की एक पायरी खाली. आणखी काही डिग्री चढल्या की अजून एक. पायरी साधारण १३ मेगाहर्ट्झची. ८३ डिग्रीला त्याची ठरलेली मर्यादा येते आणि मग तो निमूटपणे चाल आवरती घेतो. तेव्हा ओव्हरक्लॉकिंग म्हणजे झोपलेल्याला उठवून पळवणं, हा समज या बाबतीत तरी खोटा आहे. तो आधीपासूनच पळतोय. आपण फक्त विचारू शकतो, अजून थोडं जमेल का? आणि उत्तर नीट ऐकून घ्यायचं.

हे उत्तर ऐकणं माझ्या भाच्याला जमत नसे. सुटीत नागपूरला आला की पहिल्याच दिवशी तो पीसीसमोर. कार्डाची चाल बदलणारा एमएसआय आफ्टरबर्नर उघडलेला, माउस कोअर क्लॉकच्या पट्टीवर.

“मामा, युट्यूबवरचा तो थेट दोनशे वाढवतो.”

“त्याचं कार्ड त्याच्या खोलीत आहे, बाबू.”

“पण मॉडेल तर सेमच आहे ना?”

मॉडेल तेच असतं, चिप तीच नसते. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून कापलेल्या दोन चिपाही सारख्या निघत नाहीत. १६ नॅनोमीटरच्या कामात कुठे रेघ किंचित जाड, कुठे किंचित बारीक. एक चिप २१०० सहज गाठते, दुसरी २००० लाच मान टाकते. हौशी मंडळी याला सिलिकॉनची लॉटरी म्हणतात. घराण्याला ज्याचं नाव दिलं त्या ब्लेझ पास्कालला हे आवडलं असतं. वडिलांचे करवसुलीचे हिशेब सोपे व्हावेत म्हणून ऐन तारुण्यात, १६४२ च्या सुमारास, तो बेरजेचं यंत्र बनवायला बसला. हातचा आपोआप पुढे ढकलणारं. आणि १६५४ मध्ये जुगाराच्या डावातली रक्कम कशी वाटावी यावर गणितज्ञ फर्माला पत्रं लिहिता लिहिता दोघांनी संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. आकडेमोड आणि नशीब, दोन्ही त्या नावात आधीच होतं. आमच्या १०६० च्या वाट्याला यांतलं नशीब मध्यम आलं. २०३८ पर्यंत तो आनंदानं येतो. त्यापुढे कुरकुर.

कुरकुर कशी, हे समजायला आत काय चालतं ते थोडं बघायला हवं. दोन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोनशे कोटी टोले. दोन टोल्यांच्या मध्ये प्रकाशसुद्धा जेमतेम पंधरा सेंटिमीटर जातो. तेवढ्या अवधीत एका टोकाला निघालेला निरोप ट्रान्झिस्टरांच्या एका रांगेतून पार होऊन दुसऱ्या टोकाला पोचला पाहिजे. चाल वाढवली की टोले जवळ येतात. सगळ्यात लांब रांगेतला निरोप वाटेतच असतो आणि पुढचा टोला पडतो. झालं, बेरीज चुकली. व्होल्टेज वाढवलं तर ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि निरोप वेळेत पोचतो. पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वीज वाढते, विजेबरोबर ताप, आणि ताप वाढला की तेच ट्रान्झिस्टर पुन्हा सुस्तावतात. म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं जातं. ओव्हरक्लॉकिंगची सगळी मेख या फेऱ्यात आहे, आणि म्हणूनच या खेळात मी पंख्याला कोअरइतकाच मान देतो.

भाच्याला मी आधी पट्ट्यांचा क्रम शिकवला. पॉवर लिमिट आणि टेंपरेचर लिमिट आधी. या दोन्ही पट्ट्या वाढवल्यानं चाल वाढत नाही, फक्त मुभा मिळते. मग पंख्याची रेषा थोडी तापट करायची. ताप सत्तरीला येईपर्यंत पंखा साठ-पासष्ट टक्क्यांनी फिरायला हवा, थोडा आवाज झाला तरी चालेल. आणि मग कोअर, एका वेळी दहा-पंधरा मेगाहर्ट्झ. प्रत्येक वाढीनंतर युनिजिनचं हेवन लावायचं. २००९ सालचं हे जुनं बेंचमार्क मला अजून आवडतं. ढगांत तरंगणारी बेटं, गोट्यांच्या फरसबंदीच्या वाटा, दगडी ड्रॅगन. त्या फरसबंदीवर नजर ठेवायची. चाल जरा जास्त झाली की तिच्यातला एखादा दगड अचानक सुळक्यासारखा आभाळात जातो किंवा क्षणभर काळा चौकोन चमकतो. याहून जास्त झालं तर चित्र गोठतं आणि पडदा काळा पडतो. विंडोज दोनेक सेकंद वाट बघते, ग्राफिक्सवाल्याकडून उत्तर येत नाही म्हटल्यावर ड्रायव्हर स्वतःच पाडून पुन्हा उभा करते. आकडे आपोआप मूळ जागी येतात. नुकसान काही नाही. पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मामाचं कार्ड जाळलं, असं त्याला खात्रीनं वाटलं. मी चहा घेऊन येईपर्यंत हेवन बंद होऊन डेस्कटॉप परत आलेला.

असा पडला की लगेच एकच पायरी उतरून समाधान मानायचं नाही. वीस-तीस मेगाहर्ट्झ मागे यायचं. कारण हेवनमध्ये टिकणारा नव्या गेममध्ये अर्ध्या तासानं पडतो, आणि थंड सकाळी टिकणारा दुपारी पडतो. विंडोज सुरू होताना आकडे आपोआप लागू व्हावेत अशी एक खूण आफ्टरबर्नरमध्ये असते. ती मी बरेच दिवस करू देत नाही. अस्थिर आकडे सुरुवातीलाच लागू झाले तर मशीन चालू होता होता अडखळतं आणि मग सेफ मोडमधून सोडवणूक करत बसावं लागतं. आणखी एक सांगून टाकतो. आफ्टरबर्नर एमएसआयच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. त्याच्या नावाची बनावट दुकानं पुष्कळ आहेत. आणि फरमार्क नावाचं केसाळ कडं गरगर फिरवून कार्ड तापवणारं जे सॉफ्टवेअर आहे, त्यानं परीक्षा घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. कुठलाही गेम असा राबवत नाही. पंखा-पेस्टची पारख करायला पाच मिनिटं ठीक, एरवी तो निव्वळ छळ.

कोअर असा बोलका आहे. चुकलं की लगेच सांगतो, पडून दाखवतो. मेमरीचं तसं नाही. त्याच्या अंगावर ६ जीबी जीडीडीआर५ आहे, १९२ बिटांच्या रस्त्यावरून सेकंदाला १९२ गिगाबाइट नेणारी. जीपीयू-झेडमध्ये तिचा वेग २००२ दिसतो, आफ्टरबर्नरमध्ये त्याच्या दुप्पट, ८ जीबीपीएस म्हणूनही लिहितात. तिन्ही गोष्टी एकच. हिला चारशे-पाचशेनं वाढवलं तरी बऱ्याचदा ती हूं की चूं करत नाही. आणि इथेच पोरं फसतात. जीडीडीआर५ला वाटेत झालेली चूक ओळखता येते. चूक झाली की तोच माल ती पुन्हा पाठवते. पडद्यावर काही दिसत नाही, मशीन पडत नाही, फक्त फेऱ्या वाढतात आणि कामाचा वेग उलट घटतो. वरून सगळं आलबेल. म्हणून मेमरी वाढवताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, गुणांवर ठेवावा. पन्नास-पन्नासनं वाढवत जायचं, दर वेळी तीच परीक्षा, तेच सेटिंग, आणि गुण कागदावर. वाढत वाढत एका ठिकाणी गुण थबकतात, मग उतरतात. उतार लागण्याच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं. याहून पुढे रेटलं तर मग मात्र पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा सडा पडतो. पण तोवर आपण कितीतरी आधीच तोट्यात गेलेले असतो. भाच्यानं +६५० ला कॉलर ताठ केली होती. त्याचाच कागद त्याच्यापुढे ठेवला. +४०० ला गुण जास्त होते.

“म्हणजे ही गप्प बसून खोटं बोलते?”

“खोटं नाही रे. तक्रार करत नाही, एवढंच.”

आता हिशेबाचं. एवढं सगळं करून हाती काय लागतं? साठ फ्रेम होत्या त्या त्रेसष्ट ते पासष्ट. पाच ते आठ टक्के. कुणी याहून मोठं काही कबूल करत असेल तर त्यानं आधीचा आकडा कमी धरला आहे. ज्याला फक्त गेम जास्त गुळगुळीत हवा आहे त्यानं सावल्यांचं सेटिंग एक घर खाली आणावं, याहून जास्त मिळेल आणि कष्ट शून्य. हे मी भाच्यालाही सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू गिर्यारोहकाला मी शिखरापर्यंत एसटी जाते म्हणून सांगितलं.

जिवाला धोका किती, हा प्रश्न त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, फोनवर विचारला होता. नुसत्या वेगानं चिप मरत नाही. मारतात व्होल्टेज आणि उष्णता, तीही सावकाश. जास्त दाबानं आणि तापानं धातूच्या बारीक तारांतले अणूच हळूहळू जागा सोडू लागतात. पास्कालच्या बाबतीत एनव्हिडियानं व्होल्टेजला कुलूपच लावलं आहे. आफ्टरबर्नरमधली पट्टी टोकाला नेली तरी १.०९३ व्होल्टच्या पुढे तो जात नाही. पुष्कळ जण या कुलपावर चिडतात. मला ते पटतं. सोल्डरिंग करून किंवा दुसऱ्याचा बायोस चढवून हे कुलूप मोडणारे आहेत, पण त्यांच्याकडे मोडायला दुसरं कार्डही असतं. खरी काळजी जे दिसत नाही त्याची. आफ्टरबर्नर फक्त चिपचा ताप दाखवतो. शेजारच्या मेमरीचा आणि वीज पुरवणाऱ्या भागांचा ताप १०६० सांगतच नाही. चिप ७० वर निवांत असते, तेव्हा कोपऱ्यातल्या त्या भागांवर काय गुजरतंय ते पंख्यांच्या वाऱ्यावरच सोडावं लागतं. म्हणून कॅबिनेटमध्ये वारा खेळता हवा. आणि पॉवर सप्लाय खरा हवा. एनव्हिडियाची शिफारस ४०० वॅटची आहे, पण बाजारात स्टिकरवर ५०० लिहिलेले आणि उचलल्यावर पिसासारखे हलके लागणारे डबेही मिळतात. तसल्या डब्यावर ओव्हरक्लॉकिंग कुणी करू नये. साधं क्लॉकिंगही करू नये.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी अजून एक गोष्ट बघावी. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये या मधल्याला इथेरियमच्या खाणकामावर लावलं गेलं. दिवसरात्र, बिनपगारी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि असे कितीतरी १०६० स्वस्तात बाजारात उतरले. त्यांची चिप बहुधा ठणठणीत असते. दमलेले असतात ते पंखे, आणि वाळून खपली झालेली असते ती चिपवरची थर्मल पेस्ट. आमचाही असाच कुठून तरी आलेला. पंख्यावर बोट टेकवलं की घरघर थांबायची, यावरूनच त्याच्या मागच्या आयुष्याची कल्पना आली. मागचे चार स्क्रू काढले, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी मटाराच्या दाण्याएवढी ठेवली. ताप तिथल्या तिथे नऊ डिग्रीनं उतरला आणि चाल आपोआप दोन-तीन पायऱ्या वर गेली. आफ्टरबर्नरला हातही लावला नव्हता. माझ्या मते तो त्याचा पहिला आणि सगळ्यात चांगला ओव्हरक्लॉक.

आणि मग येतो नागपूरचा मे महिना. कार्डाचा ताप म्हणजे खोलीचा ताप अधिक त्याचा स्वतःचा. परदेशातला एखादा परीक्षक बावीस डिग्रीच्या खोलीत बसून ६८ चा आकडा लिहितो. इथे बाहेर पंचेचाळीस, कूलर पूर्ण जोरात लावूनही खोलीत चौतीस. तेच कार्ड, तीच परीक्षा, आणि आकडा ८० ला टेकलेला. कूलरची तोंडं पीसीकडे वळवणारे लोक मी पाहिले आहेत. ती ओली, धुळीची हवा पत्र्यांत शिरते आणि महिन्याभरात आत नमद्यासारखा थर जमतो. कूलर माणसांकडे, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब, आणि दर पंधरा दिवसांनी ब्लोअर. नवतपा लागला की २०३८ चा अभिमान गुंडाळून ठेवायचा.

तेव्हा मी त्याला वेगळ्याच चालीवर आणतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाची वळणदार रेघ उघडते. कुठल्या व्होल्टेजला किती वेग, हे एकेक ठिपका धरून सांगता येतं, आणि ही सोय पास्कालपासूनच आली. त्यातला ०.९ व्होल्टचा ठिपका उचलून अठराशेच्या वर नेऊन ठेवायचा आणि पुढची रेघ सपाट करायची. म्हणजे याहून जास्त दाब मागूच नकोस. एरवी तो १.०६ च्या आसपास घेतो. व्होल्टेजचा वर्ग धरून हिशेब मांडला तर चिपच्या मूळ विजेत पाव हिश्शाहून जास्त बचत. वेग जातो चार-पाच टक्के, ताप येतो सत्तरीत, आणि पंख्यांचा आवाज कूलरच्या आवाजाखाली दबून जातो. भाच्याच्या लेखी हा पराभव. माझ्या मते हाच त्या चिपचा खरा कस. कमी दाबात जवळजवळ तेवढीच चाल टिकवायला चिप चांगलीच लागते, आणि तपासायची पद्धतही तीच. ठिपका एक पायरी खाली, हेवन, गेम, कागदावर नोंद.

वयही झालं आता. एनव्हिडियानं २०२५ च्या ऑक्टोबरात पास्काल पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले. सुरक्षेपुरती डागडुजी तेवढी २०२८ पर्यंत चालू राहील. रे ट्रेसिंगवर अडून बसणारे गेम तर याला दारातही उभे करत नाहीत. पण व्हिडिओ कापायला, जुने गेम खेळायला आणि आमच्यासारख्यांना शिकवायला तो अजून रोज उठतो.

भाचा आता पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. परवा त्याचा फोन आला. होस्टेलवर कुणी तरी जुना १०६० घेतला होता.

“मामा, आपले आकडे पाठवा ना. कोअर आणि मेमरी, दोन्ही.”

पाठवले. दहा मिनिटांत पुन्हा फोन.

“हेवन लावल्या लावल्या पडलं.”

“पडणारच. ते आपल्याचे आकडे आहेत. शून्यापासून सुरू कर. आणि आधी सांग, तिथे खोलीत किती डिग्री आहे?”

“ते कशाला लागतं?”